देवघरातला खंडोबा निघाला लढाईतलं मेडल! पणजोबांची पलटण आणि तिथी कशी शोधायची?

जगबुडीकाठची (ठाणे)

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. गाव आणि आडनाव मुद्दाम लिहीत नाही. आडनाव लिहिलं की अर्ध्या तासात भावकीतले चार फोन येतात आणि पाचवा जमिनीबद्दल विचारतो.

माझे पणजोबा, म्हणजे अण्णांचे (वडिलांचे) आजोबा, 'बसऱ्याच्या लढाईत', म्हणजे पहिल्या महायुद्धात इराकात, गेले. घरात सांगतात ती गोष्ट अशी: शत्रूने आपल्या पलटणीला एका गावात कोंडलं, दाणागोटा संपला, साहेब म्हणाला घोडी कापा आणि खा. पणजोबांनी घोड्याला हात लावला नाही. उपाशी गेले. या गोष्टीवर आमच्या चार पिढ्या पोसल्यात. आजी खेडच्या स्टँडवर टांग्याच्या घोड्यालाही नमस्कार करायची. अण्णा ऐंशी पार झाले, अजून टीव्हीवर घोड्यांची शर्यत लागली की चॅनल बदलतात.

आता मूळ मुद्दा. आमच्या देवघरात टाकांच्या रांगेत एक चांदीचा गोल खंडोबा आहे. इतर टाकांपेक्षा जाड, जड, आणि घोडेस्वाराच्या अंगावर कपडे नाहीत. लहानपणी मी विचारलं होतं, 'आजी, यात म्हाळसा कुठाय?' आजी म्हणाली, 'पुसली गेली, किती वर्षं पूजा होतेय बघ.' या दिवाळीत देव उजळायला काढले, अण्णांना हल्ली नीट दिसत नाही म्हणून मी बसले. खंडोबा उलटा केला तर मागे राजा! दाढीवाला, इंग्रजी अक्षरांच्या वेढ्यात. घोड्याच्या दोन्ही बाजूंना १९१४ आणि १९१८, इंग्रजी आकड्यांत. शंभर वर्षं आम्ही कुणाला भंडारा वाहतोय ते तेव्हा कळलं.

कडेवरही काहीतरी उठवलेलं आहे, पण हळद, तेल आणि शेंदूर यांचं असं काही सिमेंट झालंय की फक्त '१०' आणि पुढे एम, ए, एच, आर एवढंच लागतं. दहाच्या आधी अजून एखादा आकडा असावा.

आजवर केलेले उद्योग: भाच्याने इंडिया गेटच्या नावांच्या यादीत शोधलं, नाही मिळालं. एका सरकारी कचेरीत गेले तर तिथल्या माणसाने '१९४७ च्या आधीचं आमच्याकडे येत नाही' म्हणून दुसऱ्या कचेरीत पाठवलं, आणि दुसऱ्या कचेरीने पुन्हा पहिल्या. एका माणसाने फोनवर 'लंडनहून पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड काढून देतो' म्हणून पंधरा हजार मागितले. दिले नाहीत. अजून.

मला पदक विकायचं नाही, किंमतही नको. अण्णांना तिथी हवी आहे. दर सर्वपित्रीला पणजोबांचं पान वाढतात आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणतात: 'ज्याची तिथी माहीत नाही त्यांच्या रांगेत बसवलंय आपण त्याला.'

कुठून सुरुवात करू?

---

नाणीवाला (पुणे)

ताई, आधी हातातली पितांबरी खाली ठेवा. चिंचही नको, टूथपेस्टही नको. कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून रात्रभर भिजत घाला, सकाळी दातकोरणीने, लाकडीच हं, कडेवरचा मळ हळूहळू सोडवा. कड हीच तुमची कागदपत्रं आहेत. माझ्याकडे आलेल्या अशा कितीतरी पदकांची कड कुणीतरी हौसेने घासून गुळगुळीत केलेली असते. मग ती फक्त चांदी उरते.

तुमचं पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. घोड्यावरचा उघडा माणूस म्हणजे सेंट जॉर्ज. घोड्याच्या पायाखाली बघा, गरुडाची ढाल आणि कवटी असेल, वर सूर्य. चांदीचं आहे हे महत्त्वाचं. पलटणीबरोबर गेलेल्या अनुयायांना, म्हणजे भिश्ती, स्वयंपाकी, मजूर वगैरेंना, हेच पदक ब्राँझचं मिळायचं. चांदीचं म्हणजे पणजोबा लढाऊ शिपाई होते. रिबिनीसाठी वर आडवी दांडी असते, ती तुमच्या वर्णनात नाही. सोनाराने कापली असणार, टाकांच्या रांगेत बसावं म्हणून. खंडोबा करून घेतलेलं मी हे दुसरं बघतोय, तेव्हा तुमच्या आजीला हसू नका. बहुतेक घरांत याची जोडवी झाली. तुमच्याकडे देव झाला म्हणून वाचलं.

आता '१०' आणि 'महर'. त्या काळी मराठा पलटणी सहा होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. शेवटी '१०' येईल अशी एकच. ११०.

एक प्रश्न. घरात कधी मोठी पितळेसारखी जाड तबकडी होती का? वीतभर नाही, पण बशीएवढी. तिच्यावर एक बाई, हातात त्रिशूळ, आणि शेजारी सिंह.

---

जगबुडीकाठची (ठाणे)

नाणीवाला, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का?

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, 'देवीची ताटली! लोणच्याच्या बरणीवर असायची.' दुर्गा म्हणून तिलाही हळदकुंकू लागायचं, पण आंबटाने काळी पडते म्हणून देवघरात बढती मिळाली नाही. आईने लग्नानंतर ती मोडीत घालून स्टीलचा डबा घेतला. तो डबा अजून आहे, त्यात रवा असतो.

---

नाणीवाला (पुणे)

ती तबकडी फक्त मेलेल्यांच्या घरी जायची. जिवंत परतलेल्याला नाही. तिच्यावर नाव उठावात असायचं, हुद्दा नसायचा. जनरल असो की शिपाई, सगळ्यांना सारखीच. तेव्हा पणजोबा नोकरीत असताना गेले, एवढं तुमच्या लोणच्याच्या बरणीने सिद्ध केलं. रव्याच्या डब्याबद्दल आईंना काही बोलू नका. १९७० साली कुणालाच माहीत नव्हतं.

---

निवृत्त_कारकून (सातारा)

जय हिंद. मी फौजेत क्लार्क होतो, रेकॉर्डमध्ये बरीच वर्षं काढली. तुम्हाला दोन कचेऱ्यांनी टोलवलं त्याचं वाईट वाटलं, पण त्यामागचं कारण समजून घ्या म्हणजे पुन्हा चपला झिजणार नाहीत.

शिपायाचा मुख्य कागद म्हणजे शीट रोल. भरतीची तारीख, बापाचं नाव, गाव, तालुका, उंची, अंगावरची खूण, जवळचा वारस, शिक्षा, बढती, सगळं त्यात. पेन्शन न घेता गेलेल्या माणसाचे हे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचे, असा नियम. कायम ठेवायचा तो लाँग रोल, म्हणजे एका ओळीत एक माणूस. म्हणून रेकॉर्ड ऑफिसकडून आजोबा-पणजोबांच्या वेळचं उत्तर आलं तर दोन ओळींचं येतं. लोक समजतात टाळतायत. टाळत नाहीत, तेवढंच उरलेलं असतं. आणि पहिल्या महायुद्धातल्या माणसाचा लाँग रोल मी नोकरीभर एकदाही हाताळला नाही.

'लंडनहून पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड' म्हणणारा थापा मारतोय. गोऱ्या अफसरांच्या फायली तिकडे आहेत. आपल्या सुभेदार-जमादारांची नावं छापील आर्मी लिस्टमध्ये सापडतात. शिपायाची फाईल तिकडे कुणी नेलीच नव्हती. पंधरा हजार वाचले, अण्णांना चांगली काठी घ्या.

पंजाबवाल्यांचं नशीब वेगळं. तिथे गावागावांतून कोण लढाईला गेलं त्याचे रजिस्टर तयार झाले, ते लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होते आणि अलीकडे ते ऑनलाइन आले. तीन लाखांवर माणसं. आपल्या रत्नागिरी-साताऱ्याचं तसं काही नाही. आपल्याला उलट्या बाजूने जावं लागतं, मरणाकडून.

११० पलटण १९२२ साली ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, आणि आज ती २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, आहे. त्यामुळे बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये विचाराल तर नातं आहेच, पण पत्रात '११० मराठा, नंतरची ३/५' असं दोन्ही लिहा. नुसतं 'मराठा रेजिमेंट, पहिलं महायुद्ध' लिहिलंत तर समोरच्या बाबूने काय शोधायचं?

आणि सावध करतो. १०३, १०५, ११० हा एक गट होता आणि ११४, ११६, ११७ हा दुसरा. गटातल्या एका पलटणीतली माणसं दुसरीत भरायचे. मेडलवर ११० असलं तरी मरताना माणूस दुसरीकडे असू शकतो. नंबर हाती लागला की नंबर धरा, नाव सोडा. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं नाव म्हणजे देवाची करणी. सखारामचा साकाराम, विठूचा विटू, चव्हाणांची तर पाच रूपं मी स्वतः बघितली आहेत.

---

जगबुडीकाठची (ठाणे)

काका, मनापासून आभार. काठीचा निरोप दिला, अण्णा म्हणाले 'माझी आहे ती बरी आहे.'

तीन रात्री भिजवलं. दुसऱ्या दिवशी पाणी हळदीच्या दुधासारखं झालं, ते मोरीत ओतवेना म्हणून तुळशीत घातलं. कड मोकळी झाली. चार आकडी नंबर, मग 'सिपॉय', मग पणजोबांचं नाव (एक अक्षर चुकलेलं, काका म्हणाले तसंच), मग ११० आणि पुढे मराठ्यांचं जुनं इंग्रजी स्पेलिंग. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचावी लागली. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'पुन्हा वाच.' नंबर तीनदा वाचायला लावला आणि मग स्वतःच म्हणून बघितला, पाढा म्हणावा तसा.

---

थेम्सकाठचा (लंडन)

तुम्ही जगबुडीच्या, मी मूळचा कृष्णेकाठचा, आता या गढूळ नदीच्या काठी. इथल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (सरकारी दफ्तरखान्यात) अधूनमधून जातो, माझ्या स्वतःच्या खापरपणजोबांसाठी.

पंधरा हजारवाल्याला विसरा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाइट उघडा. फुकट आहे. नावाच्या रकान्यात काही टाकू नका. फौज 'इंडियन आर्मी', युद्ध पहिलं, आणि नंबर. एवढंच. यादी आली की त्यातली मराठा पलटण बघा. हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो, त्यामुळे माणूस आपलाच का ते पक्कं करता येतं. गावाचं नाव मोठ्याने वाचा, डोळ्यांनी नाही. कानाला ओळखू येतं.

भाच्याला इंडिया गेटवर नाव का सापडलं नाही तेही सांगतो. स्मारक सगळ्यांचं असलं तरी भिंतींवर कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. इराकात गेलेला आणि कबर नसलेला माणूस बसरा स्मारकावर असतो.

'असतो' म्हणालो, पण त्यात मेख आहे. बसऱ्याला गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या अफसरांचीही कोरली. शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. अमुक पलटण, इतके इतर. नावं फक्त रजिस्टरच्या पुस्तकात राहिली. कमिशननेच २०२१ साली अहवाल काढून हे मान्य केलं. स्मारकही आता मूळ जागी नाही; सद्दामच्या हुकमाने १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. तेव्हा तिथे जाऊन नाव शोधायचा विचार असेल तर सोडा. ती वेबसाइट हेच आपल्या माणसांचं स्मारक.

तारीख मिळाली की इथे टाका. त्या दिवशी पलटण कुठे होती ते मी बघतो.

---

जगबुडीकाठची (ठाणे)

मिळाले.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शोधलं. नंबर टाकला, सात-आठ जण आले, त्यात ११० मराठा एकच. बापाचं नाव बरोबर. गावाचं नाव बघून आधी वाटलं हे आपलं नाही. मग थेम्सकाठच्या दादांनी सांगितलं तसं पुटपुटले आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, 'काय गं, काय झालं?' खेड. रत्नागिरी. आमचंच. तारीख २२ नोव्हेंबर १९१५. बसरा स्मारक.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं आणि मग मीच घोळ करून ठेवला. 'ती घोड्याची गोष्ट कधीची' म्हणून शोधायला गेले. ते गाव कुत-अल-अमारा. आपली फौज तिथे कोंडली गेली ती ७ डिसेंबर १९१५ पासून, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण आली. म्हणजे वेढा पडायच्या पंधरा दिवस आधीच पणजोबा गेले होते. घोडी त्यानंतर कापली गेली.

अण्णा काही बोलले नाहीत. जेवले, उठले, आणि नेहमी नऊला झोपणारा माणूस अकरापर्यंत गॅलरीत बसला होता. आईने मला ऐकवलं ते वेगळंच. तारीख चुकलेली असू शकते का हो?

---

थेम्सकाठचा (लंडन)

ताई, तारीख चुकलेली वाटत नाही. २२ नोव्हेंबर १९१५ हा असातसा दिवस नाही.

त्या दिवशी जनरल टाउनसेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने टेसिफॉनवर हल्ला केला. बगदादच्या अलीकडे तीस-पस्तीस किलोमीटरवर, टायग्रिसच्या काठी. तुर्क त्या लढाईला सलमान पाक म्हणतात, कारण पैगंबरांचे सोबती सलमान यांचा दर्गा तिथे आहे. शेजारी जुन्या इराणी बादशहांच्या महालाची प्रचंड कमान उभी आहे, ती रणांगणावरून सगळीकडून दिसायची. ११० मराठा १८ व्या ब्रिगेडमध्ये होती, जनरल हॅमिल्टनच्या हाताखाली. सोबत नॉरफोकचे गोरे, ७ राजपूत आणि १२० पलटण. रात्रभर चालून पहाटे जागा घेतली आणि सकाळी उघड्या सपाट मैदानातून खंदकांवर चालून गेले. झाड नाही, बांध नाही. त्या लढाईत डिव्हिजनचे साडेचार हजारांच्या आसपास मेले आणि जखमी झाले. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीवरच्या बोटींकडे नेलं; त्यांच्या हालांवरून पुढे इंग्लंडात चौकशी बसली आणि १९१७ साली जाडजूड अहवाल निघाला.

पलटणींच्या युद्धडायऱ्या इथे डब्ल्यूओ ९५ या मालिकेत असतात. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आताच्या इराकातल्या, घरबसल्या उतरवून घेता येतात. पण त्यांच्याकडून पणजोबांच्या नावाची अपेक्षा धरू नका. गोरा लेफ्टनंट पडला तर नावानिशी ओळ. शिपाई पडले तर आकडा. माझ्या खापरपणजोबांच्या दिवसाचं पान मी काढलं होतं, त्यात ते 'इतर' मधले एक आहेत. तरीही ते पान छापून घरी लावलंय.

जखमी होऊन मागाहून बोटीवर गेले असते तर तारीख चार-आठ दिवस पुढची लागली असती. हल्ल्याच्याच दिवसाची तारीख आहे. मैदानात गेले.

---

निवृत्त_कारकून (सातारा)

अण्णांना माझा सॅल्यूट सांगा. आणि हेही सांगा की कुतमध्ये शेवटी घोड्याच्या मांसावर दिवस काढणाऱ्यांपेक्षा त्यांच्या आजोबांनी काही कमी केलेलं नाही. २२ तारखेला बॅगेत शिदोरी होती आणि समोर मशीनगन होती.

---

मोडीची_गोडी (चिपळूण)

मी मोडी वाचतो. कुणबी नोंदींच्या शोधात गेली दोन वर्षं तहसील कचेऱ्यांमधल्या दप्तरांची धूळ खातोय, त्यातलं थोडं तुमच्या कामी येईल.

गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात पणजोबांचा मृत्यू शोधू नका. गावाबाहेर मेलेला माणूस त्यात सहसा येत नाही. पण तुमच्या आजोबांचा जन्म त्यात असेल. आणि नावावर जमीन असेल तर फेरफारात वारसनोंद बघा. अमुक मयत, वारस मुलगा अज्ञान, पालक आई. अशा एका नोंदीत 'लढाईत मयत' असे दोन शब्द मला मोडीत सापडले होते, खेड नव्हे, दापोलीकडे. त्या दोन शब्दांसाठी त्या घरच्या म्हातारीने मला आमरस-पुरी खाऊ घातली.

दुसरं, गावातली जुनी शाळा किंवा चावडी नीट बघा. लढाईनंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात, आकडे असतात. कित्येक पाट्यांवर चुना मारून वर पोलिओचं चित्र काढलंय.

घोड्याच्या गोष्टीबद्दल मला जे वाटतं ते सांगतो. पटलं तर घ्या. गोष्ट खोटी नाही, फक्त माणूस वेगळा असावा. कुतमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी कोंडल्या होत्या. आपल्या शिपायांनी घोड्याचं मांस कित्येक आठवडे नाकारलं, बहुतेकांनी थेट एप्रिलपर्यंत, हा इतिहास आहे. पुढे ते तुर्कांचे कैदी झाले, कितीतरी जण वाळवंटात रेल्वेच्या कामावर मेले, आणि जे जगले ते लढाई संपल्यावर घरी आले. तुमच्या गावात त्यातला एखादा आला असणार. त्याच्याकडे एक तरुण विधवा जाते आणि विचारते, 'आमच्या माणसाचं काय झालं?' तो काय सांगणार? एका सकाळी पाच मिनिटांत पडला, मी मागे वळून बघितलंही नाही, असं? त्याने स्वतः जे भोगलं तेच तिला सांगितलं असेल.

---

पंचांगवाले_काका (वाई)

उशिरा आलो, पण माझं काम आता सुरू होतं.

२२ नोव्हेंबर १९१५, सोमवार. शके १८३७, राक्षसनाम संवत्सर (नाव मी ठेवलेलं नाही). आदल्या दिवशी, रविवारी, कार्तिक पौर्णिमा होती. सोमवारी सकाळी प्रतिपदा. तिथी: कार्तिक वद्य प्रतिपदा. वार्षिक श्राद्ध त्या दिवशी करावं.

पितृपंधरवड्यात मात्र वेगळं. शस्त्राने गेलेल्यांचा महालय त्यांच्या तिथीला करत नाहीत, भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं बारीक छापलेलं असतं, कुणी वाचत नाही. सर्वपित्रीच्या आदला दिवस. तुमचे अण्णा आजवर एकाच दिवसाने चुकत होते.

लंडनकरांनी रात्रभर चालून गेले असं लिहिलंय. ती त्रिपुरी पौर्णिमेची रात्र. आपल्याकडे त्या वेळी देवळात दीपमाळा पेटल्या असतील.

---

जगबुडीकाठची (ठाणे)

सगळ्यांना एकदमच लिहितेय, रागावू नका. मध्ये पंधरा दिवस गेले कारण आम्ही गावी जाऊन आलो.

मोडीवाल्या दादांचं लिहिलेलं अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'खालच्या वाडीत एक म्हातारा होता. आम्ही त्याला बगदादी म्हणायचो. का म्हणायचो ते कुणाला माहीत नव्हतं. दसऱ्याला सोनं द्यायला माझी आजी पहिली त्याच्याकडे जायची, मग देवळात.' एवढं ऐंशी वर्षांच्या माणसाला आत्ता आठवलं. त्या घराला आता कुलूप आहे, माणसं नालासोपाऱ्याला असतात. नंबर मिळवलाय. त्यांच्या देवघरात काय आहे ते विचारणार आहे.

शाळेत पाटी सापडली. पोलिओ नाही, 'मुलगी शिकली प्रगती झाली' होतं, पण पाटीवर नाही, शेजारी. पाटीसमोर शाळेने कपाट लावलंय. गुरुजींनी आणि मी ते ओढलं तेव्हा मागून पाल आणि दोन पट्ट्या निघाल्या. गेले एकोणीस, प्राण दिले चौघांनी. अण्णांनी त्या चारच्या आकड्यावर हात ठेवला आणि काही वेळ काढला नाही. गुरुजींनी कपाट परत लावलं नाही, दुसऱ्या भिंतीला हलवलं.

तहसीलमधलं फेरफाराचं काम राहिलंय, साहेब रजेवर.

तिथी केली. पान वाढलं, काकबळी ठेवला, कावळा लगेच आला. आईचं म्हणणं तो रोजचाच आहे.

पदकाचं काय करायचं यावरून मात्र घरात जुंपली. भाऊ म्हणाला फ्रेम करून हॉलमध्ये लावू, खाली नाव, नंबर, पलटण. मलाही ते बरं वाटलं होतं. नाणीवाल्यांनीही खासगीत लिहिलं की हळद-तेल आता थांबवा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदक पुसलं, राजाची बाजू खाली केली, आणि टाकांच्या रांगेत जिथे होतं तिथेच ठेवलं. मी म्हटलं, 'अण्णा, आता तर माहीत आहे ना तो खंडोबा नाही.'

'माहीत आहे,' म्हणाले. 'भंडारा दे इकडे. कडेला लावत नाही.'